शिमोन मास्तरांचा सात दिवसांचा मांडव

कोजागिरीच्या आदल्या दिवशी शिमोन मास्तरांनी शहापुरातल्या आपल्या घरासमोर मांडव घालायला घेतला, तेव्हा त्यांच्या डोक्यात लग्नाचा विचार नखाएवढाही नव्हता. घरात एकोणीस वर्षांची रिबका लग्नाची, दारात हिरवागार मांडव, आणि बापाच्या डोक्यात लग्न नाही. हे जगात फक्त शिमोन मास्तरांनाच जमण्यासारखं होतं.

मास्तर मिशनच्या शाळेत गणित शिकवीत. पण गेली तीन वर्षं त्यांना यहुदी लोकांच्या जुन्या सणांनी आणि यज्ञांनी झपाटलं होतं. कुठल्या सणाला किती कोकरं, किती सपीठ, तेल किती, हे सगळं त्यांनी एका जाड वहीत उतरवून ठेवलं होतं. उतरवून म्हणजे मास्तरांनी सांगायचं आणि रिबकाने लिहायचं, कारण मास्तरांनी स्वतः लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मास्तरांनाही लागत नसे. चर्चचे पाळकसाहेब म्हणत, "मास्तर, प्रभू आला तेव्हाच ते सगळं पुरं झालं." यावर मास्तर नम्रपणे म्हणत, "पुरं झालं ते काय काय होतं, ते तरी कळू द्या."

यंदा पाळी आली मांडवांच्या सणाची. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले यहुदी रानात राहुट्या करून राहिले, त्याची आठवण म्हणून सातव्या महिन्याच्या पुनवेपासून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायचं, अशी शास्त्रात आज्ञा. मास्तरांनी चैत्रापासून बोटं मोजली. सातवा आला आश्विन. "वाचून वाचून माणूस किती वाचणार?" ते बायकोला म्हणाले. "एकदा राहूनच बघू."

मालुबाईंनी वहीत डोकावून पाहिलं. "आनि ह्ये तेरा गोऱ्हे कुटनं आणनार?"

"ते पहिल्या दिवसाचे. मग रोज एक कमी करत जायचं. सात दिवसांत सत्तर होतात."

"सत्तर!"

"अगं, गोऱ्हे वहीतच राहणार. मांडव तेवढा खरा घालायचा."

मालुबाईंनी हात जोडले. त्यांना गोऱ्ह्यांची नव्हे, निपाणीची काळजी होती. दीड महिन्यापूर्वी निपाणीचे शांतवनराव मुलगा आनंद याला घेऊन रिबकाला बघून गेले होते. शांतवनराव तंबाखूच्या वखारीत कारकून, आनंद दवाखान्यात कंपाउंडर. मुलगा सरळ होता, रिबकाच्या हातचा चहा दोनदा मागून प्यायला होता. पण जाताना शांतवनराव म्हणाले, "आम्ही प्रार्थना करतो. प्रभूची इच्छा कळली की कळवतो." त्यावर दीड महिना गेला. प्रभूने कळवलं नाही की शांतवनरावांनी ऐकलं नाही, कोण जाणे. निपाणीहून साधं कार्डही आलं नव्हतं. टपालवाला बोळात शिरला की रिबकाच्या हातातलं काम थांबे, हे आईला दिसत होतं.

येळ्ळूरच्या गाडीवान भरमाने गाडीभर शिंदीच्या झावळ्या, आंब्याच्या डहाळ्या आणि ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या फांद्या आणून टाकली. शिवाय न सांगता केळीचे दोन खुंट आणून दाराशी रोवले. "मांडव म्हनला की ह्ये आलंच की, मास्तर," तो म्हणाला. शास्त्रात केळ नव्हती, पण मनाईही नव्हती, म्हणून मास्तरांनी ती ठेवली. वर शोभेला महाळुंगाची लिंबासारखी पिवळी फळं टांगली. मग मास्तरांनी अंथरुणं, चूल, तांब्या-पितळेची भांडी सगळं घरातून मांडवात आणलं.

शेजारच्या रुक्माबाई सूत वाळत घालायला बाहेर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान भावकू आप्पा म्हणजे बोळातले सगळ्यांत जुने विणकर. बोळात काही शिजलं की त्याचा वास पहिला रुक्माबाईंना यायचा.

"मालुबाई, काळीज दगडाचं गं तुझं! पोरीचं लगीन ठरलं आनि शेजारणीला पत्त्या न्हाय?"

"लगीन न्हाय गं बाई. सण हाय."

"कसला सण? तुमचा नाताळ थंडीत असतोय."

"ह्यो आमचा न्हवं. यहुद्यांचा."

"मग ते यहुदी कुटं हाईत?"

मालुबाई चूल नीट लावायला वळल्या. रुक्माबाई समजायचं ते समजल्या. लग्नाला दृष्ट लागू नये म्हणून शेजारीण लपवते आहे, यात त्यांना शंका राहिली नाही. एक सून म्हणाली, "पर आत्ती, चातुर्मासात लगीन?" रुक्माबाई म्हणाल्या, "ख्रिस्ती मान्साला कुटला गं चातुर्मास? आनि भांडी भाईर का काडली? घराला चुना देनार असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळातल्या पाच बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर झाल्या. लग्नघरी पापड लाटू लागायचं ही बोळाची रीतच होती. त्यात जातधर्म कुणी बघत नसे. मास्तरांनी त्यांना उभं करून मिसर देशापासून सुरुवात केली. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समुद्र दुभंगला तिथे एकजण म्हणाली, "ते सगळं खरं, मास्तर. उडदाचं पीठ कुटं हाय?"

मालुबाईंनी निमूटपणे पीठ दिलं. "आलेल्या बायकांना माघारी कशी लावू?" त्या नवऱ्यावर डाफरल्या. आता मांडवावर पापडही वाळू लागले, आणि पापड वाळणाऱ्या मांडवात लग्न नाही, असं सांगणाऱ्याला बोळाने वेड्यातच काढलं असतं.

सणाच्या तिसऱ्या दिवशी भावकू आप्पा स्वतः आले. हा माणूस वर्षाकाठी दहा वाक्यं बोलत असे. "मास्तर, बोळातल्या परत्येक लेकीची साडी माज्या मागावर झालीया. रिबकाची काल चडवली. अंजिरी रंग."

मास्तरांचा चेहरा उतरला. "आप्पा, अहो, लग्न नाही. खरंच नाही."

"चार बोटं विणून बी झाली."

"मग उतरवा की."

भावकू आप्पांनी मास्तरांकडे असं पाहिलं, की मास्तरांना आपण एखादं चालतं लेकरू पाळण्यात कोंबायला सांगितल्यासारखं वाटलं. "लेकीची साडी अर्ध्यात उतरवत न्हाईत," आप्पा म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून शेजारून मागाची खटखट ऐकू आली की मास्तरांचं वहीतलं लक्ष उडू लागलं. आपल्या अभ्यासापायी लेकीच्या नावाने एक खोटी साडी विणली जाते आहे आणि उद्या सगळा बोळ तिच्याकडे बघेल, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं आणि फार वाईट वाटलं. "काढून टाकू का गं मांडव?" त्यांनी रिबकाला विचारलं.

"सात दिवस म्हणून सात दिवस, बाबा," ती म्हणाली. "चौथ्या दिवसाचे दहा गोऱ्हे ना?" आणि तिने लिहायला घेतलं.

त्याच दिवशी भावकू आप्पांचा मेव्हणा साड्यांचं गाठोडं घेऊन निपाणीच्या बाजाराला गेला. तिथे साडी बघणाऱ्या शांतवनरावांच्या बायकोला त्याने कौतुकाने सांगितलं, की आमच्या बोळातल्या ख्रिस्ती मास्तरांच्या लेकीचं लगीन निघालंय, मांडव पडलाय, पापड झालेत.

पाचव्या दिवशी दुपारी सर्व्हिस मोटारीतून शांतवनराव उतरले. बरोबर आनंद. केळीचे खुंट दिसले तसा शांतवनरावांचा आवाज चढला.

"मास्तर, ह्ये बरं न्हवं! आमी तिकडं परार्थना करतोय आनि तुमी हिकडं मांडव घालून मोकळे?"

"बसा, बसा," मास्तर हर्षाने म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्याकडे आपल्या पायांनी चालत आलेला हा पहिलाच ख्रिस्ती श्रोता होता. "हा मांडव लग्नाचा नाहीच. मी दाखवतो." आणि त्यांनी वही उघडली.

"चाळीस वर्सं ख्रिस्ती हाय मी. असला मांडव कुटं बघितला न्हाय."

"म्हणूनच तर! हे बघा, पहिल्या दिवशी तेरा गोऱ्हे, दोन एडके, चौदा कोकरं…"

शांतवनराव कोकरांपर्यंत तग धरून होते. तिसऱ्या दिवसाच्या अकरा गोऱ्ह्यांवर त्यांना जांभई आली. पाचव्या दिवसाचे गोऱ्हे आले तसे ते उठले. "पुरे! मला फसवू नका. पापड बी यहुद्यांचे व्हय? चल रं आनंद."

आनंद जागेवर नव्हता. मालुबाईही इकडेतिकडे बघू लागल्या, कारण रिबकाही दिसत नव्हती.

तेवढ्यात मांडवाची मागची बाजू हलली. रुक्माबाईंच्या शेळीने पहिल्या दिवसापासून ती बाजू चवीने खायला घेतली होती. आज तिने आंब्याची एक मोठी डहाळी दातांत धरून अशी ओढली, की निम्मी भिंत तिच्याबरोबर गेली. मांडवाला भलं मोठं भगदाड पडलं, आणि पलीकडे विहिरीच्या कट्ट्याशी रिबका आणि आनंद उभे दिसले. त्यांची पाठ मांडवाकडे होती. शेळीचा पराक्रम त्यांच्या गावीही नव्हता.

"मग नवरा कुठला हाय?" आनंद पडेल आवाजात विचारत होता.

"मांडव हाय. नवरा न्हाय," रिबका म्हणाली. "तुमच्या घरची परार्थना संपली, तर बघू."

"माजी पयल्याच दिवशी संपली. आण्णांचीच चाललीया."

पापड उलटायला आलेल्या रुक्माबाई एक हात वर तसाच ठेवून उभ्या होत्या. शांतवनरावांचे कान लाल झाले. त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले, क्षणभर ओठ हलवले आणि डोळे उघडले. दीड महिन्याचं काम त्यांनी अर्ध्या मिनिटात उरकलं.

"प्रभूची इच्छा कळली," ते म्हणाले.

मालुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रुक्माबाई म्हणाल्या, "बगा! मी म्हनलं न्हवतं?" आणि बोळाला कळवायला धावल्या. रिबका आणि आनंद खाली माना घालून त्या भगदाडातूनच आत आले. मास्तरांनी आधी लेकीकडे पाहिलं. इतकी सुखात दिसणारी रिबका त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मग आता हयगय नको," शांतवनराव म्हणाले. दीड महिना रेंगाळलेला माणूस आता गाडी चुकल्यासारखा घाई करत होता. "लग्नाची जाहिरात प्रभूच्या देवळात तीन रविवार होऊ द्या. पर साखरपुडा ह्याच मांडवात. उद्या करू."

मास्तरांचा चेहरा पालटला. लेकीचं सुख एकीकडे आणि तीन वर्षांचा अभ्यास दुसरीकडे. "उद्या सहावा दिवस," ते चाचरत म्हणाले. "सण मोडतो. सात दिवस दुसरं काही… म्हणजे, मी हट्ट धरत नाही, पण…"

"अवो, लाज वाटू द्या!" मालुबाई कडाडल्या. शांतवनरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आनंदचा रंग उडाला.

रिबकाने वही उचलली. मास्तर कधी फिरकले नव्हते अशा पुढच्या पानावर तिने बोट ठेवलं आणि वडिलांसमोर धरलं. "बाबा, तुम्ही मला सात दिवसांचं सांगितलंत. पुढचं मी शास्त्रात बघून उतरवून ठेवलंय. आठव्या दिवशी सगळ्यांनी मिळून मेळा भरवायचा, कामधंदा करायचा नाही. आज्ञाच हाय. साखरपुडा तेव्हा करू."

मास्तरांनी चष्मा लावला. पान दोनदा वाचलं. शेजारचा माग खटखटत होता, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि शेळी उरलेली डहाळी चघळत होती.

"लिहिलंय खरं," मास्तर अखेर म्हणाले. "एक गोऱ्हा, एक एडका आणि सात कोकरं."

"ते वहीतच राहू द्या," रिबका म्हणाली. "पापड तयार हाईत."