झैदने अम्राला मारले

आमच्या अरबी व्याकरणाच्या वर्गात तिसऱ्या दिवशी अम्र स्वतः आला आणि आपल्याला मारणे आता थांबवावे, असे म्हणाला.

हा अम्र पहिल्या धड्यातला. धड्यात एकच वाक्य आहे, 'झरबा झैदुन अम्रन', म्हणजे झैदने अम्राला मारले. अरबीत क्रियापद बहुधा आधी येते. त्यामुळे मार आधी बसतो आणि कोणी मारले ते मागाहून कळते. मारणाऱ्याच्या नावाला शेवटी 'उन' लागतो, मार खाणाऱ्याच्या नावाला 'अन'. नवशिक्याला सुरुवातीला एवढे पुरते, असे मुकादम सर सांगतात. खाडीकाठच्या आमच्या गावात, जमातखान्याच्या हॉलमध्ये, संध्याकाळी हा वर्ग भरतो. मस्कतला सुनेकडे जायचे म्हणून सुलतानाबी येतात. मी येतो तो पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरात बायकोच्या पायांत पायांत येतो म्हणून.

अम्र भला माणूस दिसला. मध्येच आल्याबद्दल त्याने माफी मागितली. खुर्ची मात्र नको म्हणाला, कारण त्याला बसवत नव्हते.

"हजार-बाराशे वर्षं झाली, सर," तो म्हणाला. "जिथं वर्ग निघतो तिथं मी मार खातो. पण तुमच्याकडे फारच. ह्या काकांना 'अन' काही केल्या जमत नाही, आणि तुम्ही त्यांना परत परत म्हणायला लावता."

काका म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कधीकधी ते 'उन' आणि 'अन' उलट लावतात, तेव्हा झैदला बसते," तो समजुतीने म्हणाला. "तेवढाच आराम."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, मारलं म्हटल्यावर कुणीतरी मार खाणारच ना? तू गेलास तर तुझ्या जागी कोणाला घेऊ?"

त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. आम्ही सगळ्यांनी पुस्तकात डोके घातले.

सुलतानाबी गावच्या तंटामुक्ती समितीवर आहेत. बांधाचे, पाण्याचे, नवराबायकोचे कितीतरी तंटे त्यांनी चहावर मिटवलेत. त्यांनी आधी विचारायचे ते आधी विचारले. "भांडण झालं कशावरून?"

अम्राने फळ्यावरचे वाक्य पुन्हा वाचून पाहिले. "ते धड्यात नाही," तो म्हणाला.

मग झैदला बोलावले. तो बाहेर व्हरांड्यातच उभा होता, कारण वाक्यातला असल्यामुळे त्याला अम्रापासून फार लांब जाता येत नाही. त्याने उजवा हात गळ्यात बांधला होता.

"मला काय हौस आहे?" तो म्हणाला. "वर्ग म्हणतो मारलं, की मी मारतो. एवढ्या वर्षांत, बाबा रे, कसा आहेस, एवढंसुद्धा ह्याला विचारता आलं नाही."

"मग आता विचार की मेल्या!" सुलतानाबी कडाडल्या.

सर विचारात पडले. विचारणे हेही क्रियापदच आहे. 'उन' आणि 'अन' जागच्या जागी राहतात, अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही. त्यांनी फळा पुसला आणि लिहिले, 'सअला झैदुन अम्रन'. झैदने अम्राला विचारले. आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटले, आणि माझा 'अन' पहिल्यांदाच बरोबर आला.

झैद अम्रासमोर जाऊन उभा राहिला. "कसा आहेस रे?"

अम्र त्याच्याकडे पाहतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटे कशाला सांगू. मग तो जपून, एका बाजूला कलून खाली बसला आणि टाचेपासून सुरुवात करून कुठे कुठे दुखते ते सांगू लागला.

ह्या गोष्टीला आता दुसरा उन्हाळा. दुसरा धडा अजून सुरू झालेला नाही. विचारलेच आहे तर उत्तर पुरते ऐकून घ्यावे, असे सरांचे मत आहे. आपल्याला यायला वेळ लागेल, असे सुलतानाबींनी मस्कतला कळवले. माझी बायकोही आता वर्गाला येते, येताना चहाचा थर्मास आणते. झैद मांडी घालून समोर बसतो आणि अम्र थांबला की हळूच "मग?" म्हणतो.

काल अम्र डाव्या खांद्यापर्यंत आला.