दिगूभाऊ ब्रेकवाले

आमचे दिगूभाऊ रस्त्यात भेटले की आधी तुमच्या सायकलच्या चाकाला भेटतात. नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ उकिडवे बसतात, चाक उचलून फिरवतात, डोळे मिटून कान लावतात आणि मान हलवतात. तशी मान डॉक्टरनं हलवली तर घरचे रडायला लागतील. मग गुडघे झटकत उठून म्हणतात, "चालवता सगळ्यांनाच येतं हो. थांबता येतं का?"

समोरचा हिंदी बोलणारा असला तर त्यालाही सुटका नाही. "चलना तो सबको आता है भैया, रुकना सीखिए." मानिक चौकाच्या गर्दीत एकदा त्यांनी एका दूधवाल्याला अडवलं. बिचाऱ्याची साधी जुनी सायकल, तिला डिस्क ब्रेक नव्हताच. "नाही तेच बरं, असता तर तुम्ही बिघडवलाच असता," असं सांगून त्याला जाऊ दिलं. दूधवाला अजून त्या गल्लीतून जात नाही म्हणे.

झाशीत आता आम्हा मराठी लोकांची घरं थोडीच उरलीत. त्यातलं खंडेराव गेटाजवळचं आमचं एक आणि भिंतीला भिंत लागून दिगूभाऊंचं दुसरं. वीज कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण माई. आई लवकर गेली, तेव्हापासून माईंनीच त्यांना वाढवलं. आता माईंना दिसत नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. यांनी डिस्क ब्रेकची सायकल आणली आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसले. डिस्क म्हणजे काय, तर चाकाच्या मध्याला बसवलेली एक पोलादी चकती. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. संपलं. पण दिगूभाऊंनी तेवढ्यावर अख्खं पुराण रचलंय. चकती खस् खस् वाजली तर ती वाकलीय. खर्र आवाज आला तर पॅड झिजून पत्रा लागतोय. आणि 'चीं' असा आवाज आला तर तेल. तेल हा शब्द ते असा उच्चारतात, जसा आमच्या आजीच्या वेळी लोक प्लेगचा उच्चारायचे.

तेलाचं त्यांना वेडच. पॅड एकदा तेल प्यायला की मेला, मग तो फेकायचा, रडायचं नाही. चकतीला बोट लावायचं नाही, कारण बोटालाही तेल असतं. लग्नाच्या पंगतीत पुरी खाल्ली की घरी येऊन साबणानं तीनदा हात धुतल्याशिवाय ते स्वतःच्या सायकलजवळ जात नाहीत. एकदा आमच्या जावयांनी सहज कौतुकानं त्या चकतीला हात लावला, तर सगळ्यांदेखत त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. आमचे जावई. दिवाळसणाला आलेले.

माझीही त्यांनी शोभा केलीय. साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी, शाळेतली पोक्त मास्तरीण, सायकल घेऊन बसले. साखळी कुरकुरली म्हणून तिच्यावर फवाऱ्याचं तेल मारलं. ते उडालं चकतीवर. दुसऱ्या दिवशी ब्रेक असा कोकलला की दिगूभाऊ दाढीचा फेस तोंडावर घेऊनच बाहेर आले. चकती स्पिरिटनं पुसली, नवे पॅड बसवले, आणि ते रुळवायचे असतात म्हणून मला रस्त्यावर पिटाळलं. जोरात जा, हळूहळू ब्रेक दाबा, थांबायच्या आत सोडा, पुन्हा जोरात जा. मी अशी घिरट्या घालतेय आणि हे कोपऱ्यावरून ओरडतायत, "घाई नको वहिनी, प्रेमानं दाबा." पानवाला हसून हसून खाली बसला. ब्रेक मात्र सुधारला, हे कबूल करायला मला अजून जड जातं.

दर रविवारी आम्ही दहा-बारा जण सकाळी सायकली काढतो. त्यात रेल्वेतली तरुण इंजिनिअर मंडळीही आहेत. निघण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून दिगूभाऊ ब्रेक तपासतात. त्यांनी मान डोलावल्याशिवाय कोणी निघायचं नाही. या माणसाला दुसरं काहीच नाही हो. ना पोरंबाळं, ना मित्र, ना पत्त्यांचा अड्डा. ती रांग हेच त्यांचं वैभव. सौरभ नावाच्या इंजिनिअरला त्यांनी एकदा चकतीवर तेल सापडलं म्हणून सर्वांसमोर घरी पाठवलं होतं. तो दात धरून होता.

यंदा दसऱ्याला सगळे जमलो. रांग लागली, तपासणी झाली. स्वतःची सायकल दिगूभाऊंनी जरा लांबच ठेवली होती. निघालो आणि किल्ल्याच्या उतारावर मागून अशी किंकाळी आली की कावळे उडाले. दिगूभाऊ दोन्ही ब्रेक दाबून आमच्या शेजारून सुसाट पुढे गेले आणि शिंगाड्यांच्या हातगाडीत घुसले. रस्ताभर शिंगाडे, मध्ये दिगूभाऊ. सौरभनं आधी त्यांना उठवलं, मग चकतीवरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. तेल.

"भाऊजी, ये क्या है?" त्यानं विचारलं.

"माझ्याच हाताला होतं. चुकलो," दिगूभाऊ म्हणाले.

मग सौरभनं तिथंच जाहीर केलं की पुढच्या रविवारपासून तपासणी तो करेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही गुदगुल्या झाल्या. चांगली खोड जिरली म्हणत मी घरी आले.

संध्याकाळी सोनं द्यायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेले. जखमेवर मीठ चोळायला, दुसरं काय. ओसरीवर माई बसल्या होत्या. पाया पडले, तर त्या खुशीत सांगायला लागल्या. काल खंडेनवमीला विळी, कात्री, अडकित्ता सगळं पाटावर मांडून पुजलं आणि शेवटी दिगूची सायकल पुजली. पुढच्या-मागच्या दोन्ही चकत्यांना तेलाचं बोट, त्यावर हळदकुंकू. पुजलेली गाडी सीमोल्लंघनाला बाहेर काढायलाच हवी, म्हणून आज सकाळी त्याला बजावून पाठवलं.

"मला मेलीला कुठं दिसतंय," माई म्हणाल्या. "दरवर्षी तोच माझं बोट धरून चकतीवर नेतो."

मी उठून थेट अंगणात गेले. दिगूभाऊ नळाखाली कोपर धूत होते. मी दबक्या आवाजात त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की एरवी नवमीच्याच संध्याकाळी ते चकती पुसून गुपचूप नवे पॅड घालतात. यंदा दुकानात पॅडच नव्हते. चकती पुसली, पण जुन्या पॅडनी प्यालेलं तेल पुन्हा तिच्यावर आलं.

"अहो, पण त्यांना दिसत नाही," मी म्हटलं. "बोट हँडलला लावलं असतंत तर काय कळणार होतं?"

"ती म्हणते, जिच्यानं तू थांबतोस तिथं माझं बोट ने. मला तुझी काळजी वाटते." त्यांनी नळ बंद केला. "तोंडानं मी तिच्याशी खोटं बोलतो वहिनी, रोज बोलतो. पण तिचा हात हातात धरून नाही जमत."

मला भरून आलं, आणि या येड्या माणसाचा रागही आला. मराल एखाद्या दिवशी, असं म्हटलं मी त्यांना. सौरभला मी सगळं सांगते, असंही म्हटलं. त्यांनी हात जोडले. सांगितलं तर कधीतरी माईच्या कानावर जाईल, मग ती पुन्हा कशालाच हात लावणार नाही, म्हणाले. रांग सौरभनं घेतली तर घेऊ दे.

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. माईंना आता माणूस हातानंच दिसतो. दिगू जवळ आला की त्या खांद्यापासून बोटांपर्यंत त्याचा हात चाचपून बघतात.

"दिगू, आज नीट थांबली ना रे सायकल?"

"थांबली गं. जागच्या जागी," दिगूभाऊ म्हणाले, आणि सदऱ्याची बाही खरचटलेल्या कोपरावरून खाली ओढत तिच्याकडे गेले.