बाल्कनीतलं भूत

"सव्वीस वर्षं भुतं दाखवतोय मी. भुतं मला घाबरतात," असं थिएटरचा ऑपरेटर छाती ठोकून सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आजवरचा एकूण एक भयपट त्याने आपल्या मशीनच्या खोलीतून, चहात बिस्कीट बुडवत पाहिला होता. पण त्या शुक्रवारी एका जुन्या गाजलेल्या भुताच्या सिनेमाचा नवा अवतार लागायचा होता, आणि त्याहून भीतीदायक गोष्ट मालकीणबाईंनी सकाळीच सांगून टाकली होती.

"हा चालला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून हॉल फर्निचरवाल्याचं गोदाम. मग बसा कपाटं मोजत."

ऑपरेटरने कपाळाला हात लावला. ह्या वयात कपाटं?

बाराच्या खेळाआधी त्याने खोलीतल्या माइकवरून गेटसमोरची पांढरी गाडी हलवायला सांगितलं. खालच्या हॉलकडे जाणारी माइकची तार उंदरांनी कधीच खाल्ली होती, त्यामुळे सूचना फक्त बाल्कनीत ऐकू जायची. गाडीवाला हमखास खाली बसलेला असायचा, तो भाग वेगळा. सूचना झाली, मशीन सुरू झालं, आणि गडबडीत माइकचं बटण बंद करायचं राहून गेलं.

नवा दिग्दर्शक भारीच चेंगट निघाला. पडद्यावर एक मुलगी, एक बंद दार, आणि दहा मिनिटं काहीही घडेना. पण त्या न घडण्यानेच ऑपरेटरची गाळण उडाली. बिस्कीट चहात विरघळलं तरी त्याला पत्ता नाही. श्वास भात्यासारखा चालायला लागला. "नको गं बाई, ते दार नको उघडू," तो कळवळून म्हणाला. बाईने उघडलं. ऑपरेटर जो मागे सरकला तो खुर्चीसकट आडवा झाला. "मेलो मेलो. गुडघा गेला माझा." काचेपलीकडे बाल्कनीत कुणीतरी किंकाळी फोडली, तेव्हा आपल्याला सोबत आहे म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

मध्यंतरात तो लंगडत खाली उतरला. पायऱ्यांशी खडाजंगी चालू होती. खालच्या हॉलमधून आलेला टेम्पोवाला वैतागला होता. "जुना सिनेमा पाहून मी आठवडाभर दिवा लावून झोपलो होतो. ह्यात काय आहे? दार बघतोय तासभर."

"दार? अहो, तो श्वास ऐकला नाहीत?" बाल्कनीतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. "अगदी कानामागे. आणि ते भूत मुलीला विनवतं, दार उघडू नको म्हणून. भूतच माणसाला घाबरलंय. काय विचार आहे हो. चाळीस वर्षं शिकवलं, पण असं काही मला सुचलं नसतं."

"कुठलं भूत विनवतं? आम्हाला तर चकार शब्द ऐकू आला नाही."

"ऐकायला कान लागतात. मध्येच ते म्हणतं, गुडघा गेला माझा. म्हणजे मेल्यावरही माणसाची दुखणी सुटत नाहीत. मला तर रडू आलं."

गुडघा चोळणारा ऑपरेटरचा हात जागच्या जागी थांबला. हेडमास्तरांकडे तो थक्क होऊन बघत राहिला. आपल्या तोंडून एवढं खोल काही निघेल असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर बाल्कनी फसतेय. तेवढ्यात मालकीणबाई धावत आल्या. "वरच्यांनी घरी फोन करकरून तीनच्या खेळाची बाल्कनी भरवली. खालचे लोकसुद्धा वरची तिकिटं मागतायत. काय जादू केलीत हो?"

"सेटिंग असतं थोडं," ऑपरेटर म्हणाला, आणि वर जाऊन त्याने माइक अंमळ जवळच ओढून घेतला.

पण तीन वाजता वेगळंच संकट. दारामागे काय आहे हे त्याला आता ठाऊक होतं. भीती काही केल्या वाटेना. त्याने मुद्दाम धापा टाकल्या. घसा बसेपर्यंत विनवण्या केल्या. खुर्ची दोनदा पाडली. शेवटी कपाटं डोळ्यांपुढे आणली आणि असा काही हंबरडा फोडला की त्याचा तोच दचकला.

खेळ सुटल्यावर तो जिन्यात उभा राहिला. टेम्पोवाला ह्यावेळी बाल्कनीतून आला होता. तो घामाघूम झालेला, डोळे विस्फारलेले. "बाप रे, काय भूत आहे. सहाला पोरांना घेऊन येतो." ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला. हॉल वाचला, नोकरी वाचली.

टेम्पोवाल्याच्या मागून हेडमास्तर उतरले. बायकोला दाखवायला म्हणून ते दुसऱ्यांदा बसले होते. ऑपरेटरला राहवेना. "कसं वाटलं, सर?"

हेडमास्तरांनी खेदाने मान हलवली. "बाराचं भूत अस्सल होतं हो. हा त्याचा रिमेक आहे. रिमेकला ती सर नाही."