विरजणातली भिंत

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात बेळगावच्या खासबागेतल्या शंकरअण्णांनी दह्यातल्या जंतूची भिंत शुद्ध करून दाखवली. अख्खा जंतू नव्हे; त्याच्या अंगाभोवतीचे नुसते कवच. दिसायला चिमूटभर पांढरी पूड. पुण्याच्या एका प्रयोगशाळेला ती संशोधनासाठी हवी होती.

अण्णा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मी त्यांच्या शेजारी राहत असे. अण्णांनी लग्न केले नव्हते. घरात थोरली विधवा बहीण, आक्का. गल्लीत ते कोणाशी बोलत नसत. बोललेच तर "अजून एक पाणी द्या," एवढेच. जंतू फोडायचे आणि उरलेली कवचे धूत बसायचे, हे त्यांचे काम. त्यामुळे धुतलेले काहीही त्यांना धुतलेले वाटत नसे. एका लग्नात जावयाचे पाय धुणाऱ्या सासऱ्यालाही त्यांनी हेच सांगितले.

त्यांच्या जंतूत एक खुबी होती. अंड्यातले पांढरे घातले की त्याची भिंत विरघळे आणि जंतूंनी गढूळ झालेले पाणी नितळ होई. त्यांनी तपासलेल्या दुसऱ्या कुठल्याच दह्यातला जंतू अंड्याला दाद देत नव्हता.

सुट्टीत कॉलेजातली उबेची पेटी जास्त तापली आणि नळ्यांतले सगळे जंतू मेले. उरले होते ते घरी, दुधावर वाढवलेले, एका वाटीत. अण्णा धावत घरी आले तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली होती.

"आक्का, ह्यातलं कुठं गेलं?"

"विरजण व्हय? लावलं की. लई घट्ट लागलं. गल्लीत बी दिलं चार घरी."

"आणि आपलं दही?"

"ताक केलं. सकाळी तूच प्यालास न्हवं?"

जंतू गेला तर अण्णांची कित्येक वर्षांची मेहनत गेली असती. ते तसेच अनवाणी बाहेर पडले.

"अण्णा, दही मागायला आलासा? आक्का रुसल्या काय?" पहिल्या दारातच विचारणा झाली. पण चारी घरांनी आपापल्या वाटीत दही दिले. तीन घरांनी आक्काचे विरजण आपल्या दह्यात मिसळले होते. त्या दह्यातले जंतू वाढवून, धुऊन, अंड्यातले पांढरे घालून पाहिले; पाणी गढूळच राहिले.

चौथी वाटी विणकरांच्या चन्नव्वाची.

"आमी मिसळत न्हाय," ती म्हणाली. "आक्कांचंच तेवढं लावलं दुधात."

आक्का अंडे घरात येऊ देईना, म्हणून तपासणी परसात झाली. सगळी गल्ली कुंपणाशी उभी. अण्णांनी नळी उन्हात धरली. पाणी नितळत गेले आणि नळीपलीकडे आक्काचा चेहरा दिसू लागला.

"जगलाय," अण्णा म्हणाले.

"माझ्यामुळं," आक्का म्हणाली.

"व्हय, तुझ्यामुळंच."

पूड पुण्याला गेली. शुद्ध आहे, आणखी पाठवा, असे तिकडून कळले.

वाटी रिकामी परत करायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. साखर तेव्हा रेशनवर मिळे. अण्णांनी आपल्या वाट्याची साखर चारी वाट्यांत घातली आणि स्वतः पोचवायला निघाले. चन्नव्वाच्या नवऱ्याने घोंगडे टाकले, "बसा की" म्हणाला. अण्णा बसले.

दिवेलागणीला आक्का बोलवायला गेली, तेव्हा ते तिथेच होते आणि बोलत होते.