बाईसाहेबांसाठी बिनमिठाचा खाऊ

घरातल्या मांजरीने एकदा तरी आपल्या मांडीवर येऊन बसावं, एवढीच स्टोअरकीपरची इच्छा होती. मागणी काही अवाच्या सवा नव्हती. बाईसाहेब (मांजरीला घरात ह्याच नावाने हाक मारत, आणि तिचं वागणंही नावाला साजेसंच होतं) बायकोच्या मांडीवर बसत, दूधवाल्याच्या पायात घोटाळत, मीटर वाचायला आलेल्या अनोळखी माणसाच्या तर खांद्यावरच चढल्या होत्या. स्टोअरकीपर शेजारी येऊन बसला की मात्र उठून दुसऱ्या खोलीत जात. घरात आपल्याला कुत्रं विचारत नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. कुत्रं नव्हतंच. मांजर होती, ती विचारत नव्हती. आणि ह्याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं.

रविवारी बायको आपल्या वडिलांना आणायला स्टेशनवर गेली आणि त्याने बाह्या सरसावल्या. बाईसाहेबांसाठी घरीच खाऊ करायचा! मासळी उकडली, काटे काढले (निम्मे बोटांत गेले), अंडं फोडलं, त्यातली टरफलं वेचली, कणीक घालून गोळा मळला, शंकरपाळ्यांएवढे तुकडे पाडले आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजले. मीठ चिमूटभरही नाही. मांजरांना मीठ बाधतं, असं त्याने कुठेसं वाचलं होतं.

बाईसाहेबांपुढे बशी ठेवली. त्यांनी वास घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि बशीभोवतीची फरशी पंजाने खरवडायला लागल्या. मांजरं काय झाकायचं असलं की असं खरवडतात, ते सांगायला नको.

पण माल टाकून देईल तो स्टोअरकीपर कसला! त्याने सगळे तुकडे बरणीत भरले, वर ठळक अक्षरांत ‘मांजरीचा खाऊ’ असं लेबल चिकटवलं आणि अंगाला येणारा मासळीचा वास घालवायला तो आंघोळीला गेला.

आता ह्या घराची एक रीत होती. बरणीवर जे लिहिलंय ते आत कधीच नसायचं. ‘साखर’मध्ये तांदूळ, ‘चहा’मध्ये मिरी आणि मीठ हवं असेल तर ‘कॉफी’ उघडायची. गोदामात खिळासुद्धा आपल्या लेबलाखाली ठेवणाऱ्या ह्या माणसाने घरातली लेबलं कितीदा तरी बदलली. दुसऱ्या दिवशी बायको आतल्या डाळी बदलायची.

तो आंघोळ करून बाहेर आला, तर सासरे सोफ्यावर बसून चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत चावत होते. त्याने बशीकडे पाहिलं आणि तसाच स्वयंपाकघरात धावला.

“अगं, बाबांना काय दिलंस ते?”

“तुम्ही केलेलं. बाबांसाठी एवढे खपलात आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत!”

“बरणीवरचं वाचलंस का?”

“वाचलं की. म्हणून तर बिनधास्त दिलं. आपल्याकडे बरणीवरचं कधी आत असतं का?”

“आज आहे.”

बायको मटकन स्टुलावर बसली. “बाबांना सांगू नका हं,” ती एवढंच म्हणाली.

पण त्याला राहवेना. सासरे म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापक. त्यांच्यापुढे आजवर कुणाचं खोटं टिकलं नव्हतं. तो बाहेर येऊन उभा राहिला.

“बाबा, त्या खाऊबद्दल जरा सांगायचं होतं...”

“काही सांगू नका, जावईबापू. मला कळलं.” म्हाताऱ्याने चक्क त्याचा हात हातात घेतला. “आमचं ब्लडप्रेशर वाढल्यापासून कुणाकडे गेलो की पापडसुद्धा डोळ्यांनीच खायचा. तुम्ही मासळी केलीत, आणि तीही बिनमिठाची! पोटच्या पोरांना सुचलं नाही हो. लग्नात मी तुम्हाला शंभरात पस्तीस मार्क दिले होते. चुकलं माझं.”

स्टोअरकीपरने मान खाली घातली. सासऱ्यांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी दोन तुकडे उचलले.

तेवढ्यात कपाटावरून बाईसाहेब उतरल्या. शेपटी ताठ करून थेट सासऱ्यांच्या मांडीवर चढल्या, त्यांच्या बोटांतला तुकडा अलगद ओढून घेतला आणि डोळे मिटून मिटून खाल्ला. मग दुसरा. मग तिथेच अंगाचं मुटकुळं करून अशा घुरघुरायला लागल्या, की आत बायकोला मिक्सर चालू राहिल्यासारखं वाटलं.

स्टोअरकीपरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“काय झालं?” सासऱ्यांनी मांजरीच्या मानेखाली खाजवत विचारलं. “तुमच्याकडे येत नाही का ही?”

“नाही, बाबा,” तो कसंबसं म्हणाला.

“कशी येईल?” सासरे प्रेमळ आवाजात, पण मुख्याध्यापकाच्याच थाटात म्हणाले. “आम्हा माणसांचे एवढे लाड करता, कधी ह्या मुक्या जीवासाठी स्वतःच्या हातांनी काही केलंत का?”