जुआंवसाहेबांच्या नावावरचे साप

"पत्ता पेनानं काढून देते मी," कोकिळाबाई म्हणाल्या.

"पेनानं नाही." हिंमतरावांनी मान हलवली. "पेनानं दोनदा झालं. दोन्ही पत्रं ब्राझील पाहून माघारी आली."

बुलढाण्याच्या टायपिंग क्लासात सकाळची बॅच चालू होती. धाडच्या हिंमतरावांनी टेबलावर एक छापील कार्ड ठेवलं, त्याच्याशेजारी शिक्क्यांनी काळे झालेले दोन लिफाफे ठेवले आणि फेटा काढून मांडीवर घेतला. क्लास चालवणाऱ्या कोकिळाबाईंनी ओळखलं, फेटा काढला म्हणजे काम झाल्याशिवाय हा माणूस उठत नाही.

घर-रस्त्याची ओळ सोडली तर कार्डावर होतं:

João Conceição
São Paulo
Brasil

दोन वर्षांमागे बैल बघत हिंडणारा हा जुआंवसाहेब जीपमधून धाडच्या बाजारात उतरला होता. हिंमतरावांच्या कवड्या बैलापाशी तो थांबला, घरापर्यंत आला, जेवला. बैल विकायचा नव्हता, म्हणून त्यानं नुसता फोटो काढला. मालकानं पुढं उभं राहायचं असतं, म्हणून हिंमतराव नवा फेटा बांधून पुढं उभे राहिले. फोटो पाठवतो, असं दुभाष्याकरवी सांगून पाहुणा गेला.

गेल्या आखाडात कवड्या गेला. घरात गणपतीची तसबीर होती, सासऱ्यांची होती, कुणीतरी दिलेली एका आगगाडीचीसुद्धा होती. कवड्याची नव्हती. पोळ्याला त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, रिकाम्या दावणीपुढं पुरणपोळी ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. हिंमतरावांनी तिथंच ठरवलं, पुढच्या पोळ्याच्या आत फोटो आणायचा.

"पोस्टमास्तर म्हने, तुमचं अक्षर तिकडं लागत नसन. टाइप करून आना."

"मग करू की." कोकिळाबाईंनी लिफाफा मशीनला लावला आणि कार्डाकडे पाहत कळा वाजवल्या.

Joao

"साप कुठी हाय?" हिंमतराव म्हणाले.

"कोणता साप?"

"हा." हिंमतरावांनी कार्डावरच्या नागमोडी खुणेवर बोट ठेवलं. "डोक्यावरचा. असे तीन हायेत. आन ह्या एकाले खाली शेपूट हाय."

"काका, इंग्रजी मशीनवर साप नसतो."

"मंग नाव अर्धं झालं. बाई, मी घरी आलेल्या पावन्याले बिनफेट्याचा भेटत नाही. त्याच्या नावाले बोडकं काऊन धाडू?"

पत्ता पुरा टाइप झाल्यावर शेपूट सोपं निघालं. कोकिळाबाईंनी कागद एक घर मागे घेतला आणि अक्षराखाली स्वल्पविराम ठोकला. हिंमतरावांनी कार्डाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. साप मात्र येईना. वरचा स्वल्पविराम मारून पाहिला.

"हा काटा हाय."

रूळ जरा फिरवून आडवी रेघ मारली.

"हा मेलेला साप हाय."

कोपऱ्यात झाकणाखाली मराठी मशीन होतं. राज्य मराठी झालं, कचेऱ्यांत मराठी अर्ज सुरू झाले, तेव्हा कोकिळाबाईंनी ते हौसेनं आणलं होतं. त्याची गंमत अशी, की मात्रा-वेलांटीची कळ दाबली तरी कागद पुढं सरकत नाही; खूण थेट अक्षरावर जाऊन बसते. लिफाफा इंग्रजीतून निघाला, मराठीत गेला. बाईंनी अंदाज धरला आणि 'ॲ'वरचा चंद्र मारला. तो नेमका जागेवर बसला.

"झालं!" क्लासातल्या मुली एकदम म्हणाल्या.

"हा चंद्र हाय," हिंमतराव म्हणाले.

"लांबून सारखाच दिसतो, काका."

"लांब ब्राझील हाय. पत्र तं तो जवळूनच वाचन ना?"

कोकिळाबाईंनी चष्मा काढून पुसला. आतापर्यंत हा हट्ट हिंमतरावांचा होता. चष्मा परत डोळ्यांवर चढला तेव्हा तो बाईंचाही झाला होता. त्यांनी मराठी कळांवरून बोट फिरवलं. मात्रा नको. वेलांटी नको. उकार... उकाराला वळण होतं, शेपटी होती, थोडा फणासुद्धा होता. पण उकार बसतो अक्षराच्या खाली.

खाली.

बाईंनी लिफाफा काढला आणि वरची बाजू खाली करून परत लावला.

"बाई, उलटा लागला."

"गप बसा, काका."

आता पत्ता शेवटाकडून सुरू होत होता आणि डावं ते उजवं झालं होतं. पहिला उकार पाउलोच्या डोक्यावर बसला. लिफाफा बाद. दुसऱ्यावर तो तिकिटाच्या जागी गेला. तिसऱ्याची जाड घडी रुळानं गिळली ती चिमट्यानं ओढून काढावी लागली. नवी बॅच आली, पण जुनी उठेना. दोन्ही बॅचेस टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

"डावीकडं घ्या, बाई!"

"उलटं हाय बे, उजवीकडं!"

"कोनी बोलू नका," हिंमतराव ओरडले, "साप बसून राह्यला!"

खट्. खट्. आणि श्वास धरून, खट्.

बाईंनी लिफाफा काढून सुलटा केला. तीन अक्षरांवर तीन साप, फणा काढून. हिंमतरावांनी कार्ड शेजारी धरलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं.

"डोलून राह्यले," ते म्हणाले, आणि फेटा डोक्यावर ठेवला. शाई फिसकटू नये म्हणून तो लिफाफा त्यांनी पोस्टापर्यंत आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांवर नेला.

उन्हाळ्यात उत्तर आलं. हिंमतराव धाडहून पहिल्याच एसटीनं क्लासात हजर झाले. कोकिळाबाईंनी आधी पाकिटामागचं पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. टाइप केलेलं होतं.

Joao Conceicao

साप नाही. शेपूटसुद्धा नाही.

"काका, हे पाहिलं का?"

"पाह्यलं. घाईत असन बिचारा. तुम्ही आतला फोटो पाहा."

फोटो चांगला मोठा आला होता. त्यात हिंमतराव होते. नवा फेटा, पीळ दिलेली मिशी, फुगवलेली छाती. कवड्याची फक्त शिंगं दिसत होती. ती हिंमतरावांच्या फेट्याच्या दोन्ही बाजूंनी, अगदी मापात, वर निघाली होती.

कोकिळाबाईंनी ओठ आत दाबून धरले. "सरस्वतीकाकू काय म्हणाल्या?"

"म्हने, औंदा पोळ्याले तुमालेच ओवाळतो. झूल बेतायले घेतली तिनं."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. हिंमतरावांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी शांतपणे फेटा काढून मांडीवर घेतला.

"बाई, मी रातभर इचार केला. ठेचा खाऊन जुआंवसाहेबाले ठसका लागला होता. फोटो झाला आन मी त्याच्यासाठी पानी आनाले आत गेलो. तवा आंगनातून आवाज आला. खट्. बटन दोनदा वाजलं. दुसऱ्या बारीले कवड्या एकटा होता."

"नक्की?"

"पोळ्याले टाइम हाय अजून. लिवा."

बाईंनी नवा लिफाफा घेतला. "यावेळी साधंच नाव टाकू ना? तो स्वतःच साप काढत नाही."

"त्याचं नाव हाय, तो कसंबी लिहो," हिंमतराव म्हणाले. "आपल्याले मान द्या लागते."

कोकिळाबाईंनी लिफाफा मशीनला लावला. इंग्रजी मशीनवर पत्ता झाला. मग त्यांनी उठून मराठी मशीनचं झाकण काढलं, दोन्ही बॅचेसना हातानं गप राहायची खूण केली आणि लिफाफा उलटा लावला.