गोळी उपासाला चालते का?

एका जंगलात, जिथे लोक वाघापेक्षा शेजारणींना जास्त घाबरत, गोदी नावाची ससीण राहत होती. मुलांनो, ससा म्हटलं की तुम्हाला गाजर आठवतं. गोदीला बाळंतपण आठवायचं. एक वेत उठून पळायला लागलं की दुसरं पोटात. पोरांची नावंही तिला पाठ नव्हती. ती नुसतं 'ए' म्हणायची आणि नेमकं नको ते पोर हजर व्हायचं.

शेवटच्या खेपेला ती मरता मरता वाचली. जंगलाच्या डॉक्टरीण साळिंदरबाई. अंगावर काटे असल्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे.

"गोदे, सरळ सांगते," त्या म्हणाल्या, "आता लगेच पुन्हा राहिलं तर तू जगायची नाहीस."

मग त्यांनी चौकशी केली. विडी ओढतेस? अर्धशिशी आहे? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती? पोरं अजून अंगावर पितात? गोदी सगळ्याला नाही म्हणाली. रक्तदाबही मोजला. घरात सासू असूनही तो बरा निघाला.

"ही घे गोळ्यांची पट्टी. रोज एक, ठरल्या वेळी. यात दोन संप्रेरकं आहेत. ती शरीराला सांगतात, या महिन्यात अंडं सोडायचं नाही. वर गर्भाशयाच्या तोंडाशी असा दाट चिकटा करतात, की पाहुणे आलेच तर दारातच अडकावेत. शेवटच्या ओळीतल्या गोळ्यांत औषध नाही, त्या दिवसांत पाळी येईल. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घे, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. पण जास्त चुकल्या, तर पुन्हा सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत नवऱ्याला लांब ठेव."

"किती लांब?"

"बिळाबाहेर."

झालं. गोदी गोळ्या घेऊ लागली. सुरुवातीला जरा मळमळलं, मग बरं वाटू लागलं. कितीतरी दिवसांनी ती दुपारी पाय ताणून झोपली. नवरा गुणाजी तर भलताच खूश होता. का, ते मोठे झालात की कळेल.

आणि आलं नवरात्र.

त्या जंगलात नवी वस्तू घरात आली की एकच प्रश्न विचारायची रीत होती. बटाट्याला विचारला, तो पास झाला. मिरचीला विचारला, तीही पास झाली. सासूबाईंनी पट्टी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "गोदे, ही उपासाला चालते का गं?"

गोदीला सांगता येईना. प्रकरण तळ्यावर बगळेशास्त्र्यांकडे गेलं. शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते. त्यांनी माशाच्या वासाचा ढेकर दिला आणि डोळे मिटले.

"साबुदाणा चालतो. भगर चालते. गोळी ग्रंथात नाही. म्हणजे चालत नाही. नऊ दिवस बंद."

गुणाजीने मान डोलावली. "बरोबर आहे. नऊ दिवसांनी काय होतंय?"

काय होतंय? जे व्हायचं ते गोदीच्या पोटात होणार होतं, आणि मरायचंही तिलाच होतं. तिला भीती वाटली. मग राग आला. रताळी किसता किसता तो चांगलाच वाढला.

संध्याकाळी तिने गुणाजीचं अंथरूण बाहेर करवंदीच्या जाळीत टाकलं.

"हे काय?"

"उपास."

"मी फराळ केलाय की!"

"अहो, तुम्ही ग्रंथात आहात का? नाही. म्हणजे चालत नाही. गोळी बंद, तर तुम्हीही बंद. आधी हे नऊ दिवस, मग सलग सात गोळ्या होईपर्यंत पुढचे."

सासूबाईंनी तोंड उघडलं. पण नवरात्रात ब्रह्मचर्य पाळू नकोस, असं कुठली सासू म्हणेल? त्यांनी उघडलेल्या तोंडात रताळं घातलं.

जाळीत काटे होते. मुंग्याही होत्या, आणि त्यांचा उपास नव्हता. दोन रात्रींत गुणाजीचं कंबरडं मोडलं. तिसऱ्या दिवशी त्याने जन्मात पहिल्यांदा मासा पकडला आणि शास्त्रीबुवांच्या पुढ्यात ठेवला.

शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"ग्रंथ पुन्हा पाहावा लागेल," ते म्हणाले. मासा गिळेपर्यंत त्यांचा पाहूनही झाला. "गोळी पांढरी आहे. गोल आहे. म्हणजे साबुदाण्याचीच जात. चालते. किंबहुना न घेतल्यास दोष लागतो."

गुणाजी धावतच घरी आला. गोदीने निकाल ऐकला, गोळी घेतली आणि पाणी प्यायली.

"मग येऊ आत?"

"अजून सहा."

तेव्हापासून रोज ठरल्या वेळी जाळीतून हाक यायची, "गोदे, गोळी घेतलीस का?" पुढे तो आत राहायला आला, तरी हाकेची सवय काही सुटली नाही. गोदीची गोळी पुन्हा कधी चुकली नाही.

तात्पर्य : थोरांचा शब्द कधी मोडू नये. तो नवऱ्याला लागू करावा, म्हणजे थोर स्वतःच मोडतात.